उजवी लेन कोणाची? वाहनचालकांच्या प्रश्नांना उत्तरे

द्रुतगती मार्गावरच्या लेन, दोन गाड्यांमधले अंतर आणि चालकांचे एकमेकांशी वागणे यांबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते असे धरून उत्तरे लिहिली आहेत. जिथे ती उजवीकडून चालते तिथे डावे-उजवे उलटे वाचावे, हिशोब तोच राहतो.

प्रश्न : तीन लेनच्या रस्त्यावर मी मधली लेन धरून, वेगमर्यादेच्या आत, एकसारख्या गतीने जातो. डावीकडे अवजड वाहने, उजवीकडे घाईतली मंडळी. मधे मी कोणाला आडवा येत नाही. मग यात चूक काय?

डावी लेन मोकळी असताना तुम्ही मधे असाल, तर आडवे येता. लेन वेगाप्रमाणे वाटलेल्या नसतात, कामाप्रमाणे असतात. डावी लेन चालण्यासाठी आणि तिच्या उजवीकडची प्रत्येक लेन ओलांडण्यासाठी. ओलांडून झाले की परत डावीकडे यायचे.

समजा, तुम्ही मधल्या लेनमध्ये ताशी 90 किलोमीटरने चालला आहात आणि मागून डाव्या लेनने 100 ने एक गाडी येते आहे. तुम्ही डावीकडे असता तर तिने एकदा उजवीकडे घेतले असते आणि एकदा परत आली असती. आता तिला दोन लेन उजवीकडे आणि दोन लेन परत, अशा चार वेळा लेन बदलाव्या लागतात. लेन बदलण्याच्या प्रत्येक वेळी धोका असतो, म्हणजे तुमच्यामुळे तो दुप्पट झाला. काही जण एवढा वळसा टाळून डावीकडूनच तुम्हाला ओलांडतात. त्याच क्षणी तुम्ही डावीकडे आलात तर टक्कर ठरलेली. शिवाय ब्रिटनसारख्या देशांत तीन किंवा अधिक लेनच्या मोटारमार्गावर मोठे ट्रक आणि ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांना सर्वांत उजव्या लेनमध्ये जायला बंदी आहे. मधली लेन तुम्ही अडवली की त्यांना पुढे जायला कायदेशीर वाटच उरत नाही. ब्रिटनमध्ये ऑगस्ट 2013 पासून अशी लेन अडवून ठेवणे आणि पुढच्या गाडीला चिकटून चालवणे या दोन्हींसाठी पोलीस जागेवरच 100 पौंड दंड आणि परवान्यावर 3 दंडगुण देऊ शकतात.

मात्र दर ट्रकनंतर डावीकडे घुसून लगेच बाहेर यायचे, असाही याचा अर्थ नाही. डाव्या लेनमध्ये निदान 15 ते 20 सेकंद निवांत राहता येणार असेल तर परत यावे. तुम्ही 100 ने आणि पुढचा ट्रक 80 ने जात असेल तर तुमच्यातले अंतर सेकंदाला साडेपाच मीटरने घटते. ट्रक 300 मीटर पुढे असेल तर त्याच्यापाशी पोचायला 50 सेकंदांहून अधिक लागतील, तेव्हा डावीकडे या. शंभर मीटरवरच असेल तर जेमतेम 18 सेकंद. अशा वेळी मधेच राहून दोन्ही ट्रक एका दमात ओलांडणे बरे. आणि तिन्ही लेन गच्च भरून संथ चालत असतील तर आपल्या लेनमध्ये शांत राहावे. तिथे सतत डावी-उजवी करणाराच इतरांना ब्रेक लावायला लावतो.

प्रश्न : उजव्या लेनमध्ये मी वेगमर्यादेइतक्याच वेगाने जात असतो आणि मागची गाडी डिपर मारत राहते. नियम मी पाळतोय, तर बाजूला मी का व्हायचे?

कारण उजव्या लेनमध्ये राहण्याचा हक्क वेगाने मिळत नाही, ओलांडण्याने मिळतो. डावीकडे जागा असेल तर तुम्हालाही नियम डावीकडेच यायला सांगतो. मागच्याचा वेग किती असावा हे पाहणे पोलिसांचे आणि कॅमेऱ्यांचे काम आहे. त्याला रोखून धरलेत तर तो मंद होत नाही, तुमच्या मागच्या बंपरला येऊन चिकटतो, आणि मग तुमच्या प्रत्येक ब्रेकचा धोका वाढतो.

ओलांडणे चालू असेल तर ते नेहमीच्या गतीने पूर्ण करा. डिपर पाहून घाईने ट्रकच्या तोंडासमोर शिरू नका, आणि धडा शिकवायला ब्रेक तर मुळीच लावू नका. मागून येणाऱ्यानेही एवढे जपावे : दोन सेकंदांचे अंतर ठेवून एकदाच, क्षणभर डिपर द्यावा. त्याचा अर्थ ‘मी मागे आहे’ एवढाच. जवळ येऊन सारखा डिपर देणे ही दमदाटी आहे. जर्मनीत वस्तीबाहेर ओलांडण्याची इच्छा डिपरने कळवायला परवानगी आहे, पण चिकटून दबाव आणला तर तिथे फौजदारी गुन्हासुद्धा दाखल होऊ शकतो.

प्रश्न : सुरक्षित अंतर ठेवा असे सगळे सांगतात. पण ठेवले की त्या जागेत लगेच दुसरा कोणीतरी कट मारून शिरतो. मग अंतर ठेवायचे तरी कसे? आणि नेमके किती?

आधी किती ते पाहू. कोरड्या रस्त्यावर किमान दोन सेकंद. पुढच्या गाडीची मागची बाजू एखादा खांब, फलक किंवा पुलाची सावली ओलांडेल तेव्हा मनात ‘एकशे एक, एकशे दोन’ म्हणायला लागा. म्हणून होण्याआधीच तुम्ही त्या खुणेपाशी पोचलात तर फार जवळ आहात. ताशी 80 ला दोन सेकंद म्हणजे सुमारे 44 मीटर, 100 ला 56 आणि 120 ला 67. मीटरमध्ये अंदाज घेणे बहुतेकांना जमत नाही, सेकंद मोजणे मात्र सर्वांना जमते, म्हणून ही पद्धत टिकली आहे. जर्मनीत वेगाच्या आकड्याच्या निम्मे मीटर असा आडाखा शिकवतात, म्हणजे 100 ला 50 मीटर. तो दोन सेकंदांहून किंचित कमी भरतो. पाऊस असेल तर चार सेकंद ठेवा.

ब्रिटनच्या वाहतूक नियमपुस्तिकेत ताशी 70 मैल, म्हणजे सुमारे 112 किलोमीटर वेगाला थांबण्याचे एकूण अंतर 96 मीटर दिले आहे. त्यातले 21 मीटर धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतचे आणि 75 मीटर प्रत्यक्ष ब्रेकचे. आता त्याच वेगाला दोन सेकंद म्हणजे 62 मीटरच होतात. ही तफावत चालते, कारण पुढची गाडीही ब्रेक लावून काही अंतर जाऊनच थांबते, आणि तुम्हाला मुख्यतः प्रतिक्रियेचा वेळ भरून काढायचा असतो. पण पुढची गाडी बंद पडलेल्या ट्रकवर आदळून जागीच थांबली, तर ते अंतर तुम्हाला मिळणार नाही. म्हणून नजर पुढच्या बंपरवर न ठेवता तिच्याही पुढच्या दोन-तीन गाड्यांच्या ब्रेक लाइटवर ठेवावी. मोठ्या वाहनामागे पुढचे काही दिसत नसेल तर अंतर आणखी वाढवावे. हेही लक्षात घ्या की ते 21 मीटर सावध चालकाचे आहेत, सुमारे पाऊण सेकंदाहून कमी वेळाचे. थकलेल्या किंवा फोनकडे पाहणाऱ्या चालकाला दीड सेकंद लागला तर ब्रेक लागण्याआधीच 47 मीटर गेले.

वेगाचा हिशोब तर याहून कठोर आहे. दोन गाड्या शेजारी शेजारी, एक 100 ने आणि एक 120 ने. दोघींनी एकाच जागी, सारख्याच जोराने ब्रेक लावले. शंभरवाली जिथे पूर्ण थांबते तिथे 120 वाली अजून ताशी 66 किलोमीटरने पळत असते. कारण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते.

आता कट मारणाऱ्यांबद्दल. एक गाडी पुढे शिरली की तुम्ही ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा हलका करून पुन्हा दोन सेकंद मिळवता. यात तुमचे नुकसान दोन सेकंदांचे. प्रवासात दहा गाड्या शिरल्या तरी वीस सेकंद. एवढ्यासाठी अंतर बुजवून चालणे हा फार वाईट सौदा आहे. आणि कोणी मागून चिकटले असेल तर उपाय पुढे आहे : स्वतःसमोरचे अंतर तीन-चार सेकंद करा. मग तुम्हाला जोरात ब्रेक लावावा लागत नाही, आणि मागच्याला सावरायला वेळ मिळतो. सवड मिळताच डावीकडे होऊन त्याला जाऊ द्या.

प्रश्न : लेन बदलताना आरशात काही नसते आणि तरी अचानक शेजारून हॉर्न येतो. कुठे चुकते?

बहुतेकदा आरसे चुकीचे लावलेले असतात. अनेकांच्या बाजूच्या आरशात स्वतःच्याच गाडीचा बराच भाग दिसतो. त्यामुळे आतल्या आणि बाजूच्या आरशात तेच ते दृश्य येते आणि शेजारची लेन कुठेच येत नाही. सीट ठीक केल्यावर डोके उजव्या खिडकीला जवळजवळ टेकवा आणि उजवा आरसा बाहेर वळवत न्या, आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेपर्यंत. मग दोन्ही सीटच्या मधोमध झुकून डावा आरसा तसाच लावा. सरळ बसल्यावर आपली गाडी आरशात दिसणार नाही, आणि तेच हवे आहे. चालत्या रस्त्यावर खात्री करता येते : मागून ओलांडणारी गाडी आतल्या आरशातून सुटता सुटता बाजूच्या आरशात आली पाहिजे, आणि तिथून सुटता सुटता डोळ्याच्या कोपऱ्यात. तरीही ब्लाइंड स्पॉट, म्हणजे कुठल्याच आरशात न दिसणारी जागा, पूर्ण जात नाही. दुचाकी त्यात सहज मावते.

क्रम असा ठेवा. आतला आरसा, बाजूचा आरसा, इंडिकेटर, थोडा थांबा, पुन्हा बाजूचा आरसा, खांद्यावरून एक झटपट नजर, आणि मग स्टिअरिंग अगदी हलके. इंडिकेटर आणि वळणे एकाच वेळी होत असेल तर तो इशारा राहत नाही. आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे इंडिकेटर मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकतो. नव्या गाड्यांत दांडीला टिचकी मारली की तीनदा लुकलुकून बंद होणारी सोय असते, पण मिनिटाला 90 धरले तर ते फक्त दोन सेकंद झाले. मोठ्या रस्त्यावर हे अपुरे आहे. दांडी पूर्ण लावा आणि चार-पाच सेकंद इशारा दिल्यावरच हला. प्रवाशाच्या बाजूचा आरसा बहुधा बहिर्गोल असतो, त्यात गाड्या असतात त्याहून लांब वाटतात. अंतराचा अंदाज आतल्या आरशातल्या प्रतिमेशी ताडून घ्यावा.

दोन गोष्टी नेहमी राहून जातात. डाव्या लेनमधून मधे येताना मधली लेन मोकळी आहे एवढेच पाहतात, पण त्याच क्षणी उजवीकडचाही तिथे परत येत असू शकतो. तेव्हा एक लेन पलीकडेही पाहा. आणि ओलांडल्यावर परत येताना मागच्या गाडीचे दोन्ही हेडलाइट आतल्या आरशात दिसेपर्यंत थांबा, मागे ट्रक असेल तर आणखी थोडे. परत आल्यावर पाय काढू नका. भरलेल्या ट्रकसमोर शिरून वेग कमी करणे म्हणजे त्याने राखलेले थांबण्याचे अंतर खाऊन टाकणे. त्याला ते पुन्हा मिळवायला वेळ लागतो.

प्रश्न : मी ट्रकचालक आहे. वेगमर्यादकामुळे माझी गाडी 80 च्या पुढे जात नाही. पुढचा ट्रक 78 ने चालतो. ओलांडायला घेतले की मागे मोटारींची रांग लागते आणि सगळे हॉर्न वाजवतात. आम्ही करायचे काय?

हा हिशोब मोटारवाल्यांनीही वाचावा. दोन्ही ट्रक 16 मीटरचे आणि आधी-नंतर 25-25 मीटर जागा धरली तर तुम्हाला त्याच्यापेक्षा 82 मीटर जास्त कापायचे आहेत. वेगातला फरक ताशी 2 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला अर्ध्या मीटरहून थोडा अधिक. ओलांडायला सुमारे 148 सेकंद लागतील आणि तेवढ्यात तुम्ही सव्वातीन किलोमीटर जाल. मधे चढ लागला आणि तुमच्याकडे माल जास्त असला तर ओलांडणे अर्ध्यावरच अडकेल. एवढ्या फरकासाठी, विशेषतः दोनच लेनच्या रस्त्यावर, ओलांडायला घेऊ नये. फरक निदान 7-8 किलोमीटरचा हवा.

पण ओलांडला जाणारा चालक इथे मोठी मदत करू शकतो. त्याने 78 वरून 74 वर आणले की फरक 6 होतो, तेच काम 49 सेकंदांत आणि सुमारे 1,100 मीटरमध्ये उरकते. यात त्याचे स्वतःचे नुकसान साधारण अडीच सेकंदांचे. जुने जाणते चालक शेजारी गाडी आली की पाय हलका करतात, आणि मागचे टोक सुटले की एकदा डिपर देऊन ‘या आत’ असे सांगतात. ही रीत नव्यांनी जरूर शिकावी. मात्र डिपर दिसला तरी आत शिरण्याआधी आरसा स्वतः पाहायचाच.

प्रश्न : रॅम्पवरून मुख्य रस्त्याला लागताना धडधडते. थांबून जागा मिळण्याची वाट पाहणे जास्त सुरक्षित नाही का?

नाही. रॅम्पच्या टोकाला मुख्य रस्त्याला लागून असते ती लांब पट्टी वेग घेण्यासाठीच बांधलेली असते. मुख्य रस्त्यावर वाहने 90 ने चालली असताना तुम्ही 50 ने शिरलात, तर मागची गाडी तुमच्याकडे सेकंदाला 11 मीटरने येते. साठ मीटरवर असली तरी पाच-साडेपाच सेकंदांत टेकते. थांबून शून्यापासून निघणे त्याहून वाईट. रॅम्पवर असतानाच मुख्य रस्त्याकडे पाहून जागा हेरा, पट्टीच्या पहिल्या दोन-तृतीयांश भागात बाकीच्यांइतका वेग गाठा, इंडिकेटर द्या, आणि हेरलेल्या गाडीच्या मागे शिरा. पुढे घुसायचा प्रयत्न नको. रस्त्यावर आधीपासून असलेल्यांचा हक्क पहिला, हे विसरू नये. मुख्य रस्त्यावरच्यांनी मधली लेन मोकळी असेल तर तिकडे सरकावे. नसेल तर वेग स्थिर ठेवावा. सौजन्य म्हणून अचानक ब्रेक लावला तर मागच्याला धोका होतो आणि शिरणाऱ्यालाही काही कळेनासे होते.

प्रश्न : काम चालू असल्याने लेन बंद होते तिथे शेवटपर्यंत जाऊन शिरणाऱ्यांना जागा द्यावी का?

वाहतूक संथ असेल तर द्यावी. दोन्ही लेन शेवटपर्यंत वापरून तिथे एकाआड एक शिरणे हीच योग्य पद्धत आहे, आणि जर्मनीत ती कायद्यातच लिहिलेली आहे. आधीच एका लेनमध्ये गर्दी केली तर रांग दुप्पट लांबते आणि मागच्या रॅम्पपर्यंत पोचते. वाहने वेगात असतील तर मात्र जागा मिळेल तिथे आधीच शिरावे.

प्रश्न : अपघात नाही, काम नाही, तरी मैलभर कोंडी आणि मग अचानक रस्ता मोकळा. हे कशाने होते?

अंतर न ठेवल्याने. जपानमधल्या नागोया विद्यापीठातील संशोधकांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 230 मीटरच्या वर्तुळाकार मार्गावर 22 मोटारी ताशी 30 किलोमीटरच्या आसपास एकसारख्या वेगाने चालवायला सांगितल्या होत्या. कुठे अडथळा नव्हता. तरी थोड्याच वेळात काही गाड्या थांबू लागल्या, आणि ती थांबण्याची लाट ताशी सुमारे 20 किलोमीटरने मागे सरकत राहिली. एकाने जरासा ब्रेक लावला की चिकटून असलेल्या मागच्याला थोडा जास्त लावावा लागतो, त्याच्या मागच्याला आणखी, आणि विसाव्या गाडीला पूर्ण थांबावे लागते. समोर तीन सेकंद मोकळे ठेवणारा चालक नुसता पाय हलका करून ही लाट पचवू शकतो, त्याचे ब्रेक लाइट लागतच नाहीत. अशा कोंडीत सारखी लेन बदलणारा दोन्ही लेनमध्ये नवे ब्रेक पेरत जातो.

प्रश्न : जोरदार पावसात चारही इंडिकेटर चालू करून चालवणे बरोबर का?

नाही. त्याने तुमचा वळण्याचा इशारा झाकला जातो, आणि तुम्ही थांबला आहात की चालता आहात हे मागच्याला कळत नाही. पावसात लो बीम लावा. दृश्यता फारच कमी झाली, साधारण 100 मीटरहून कमी, तर मागचा फॉग लाइट लावा आणि पाऊस ओसरताच बंद करा, कारण तो मागच्याचे डोळे दिपवतो. चालत्या गाडीत हॅझर्ड लाइटचे, म्हणजे या चारही इंडिकेटरचे, एकच रास्त काम : पुढे अचानक रांग थांबलेली दिसली तर मागच्यांना सावध करणे. मागचे मंदावले की ते बंद करावेत.

प्रश्न : कोंडीत रुग्णवाहिका मागून आली की सगळे गोंधळतात. कोणी कुठे सरकायचे?

ती दिसण्याआधीच सरकायचे. जर्मनी आणि ऑस्ट्रियात वाहतूक चालण्याच्या गतीवर आली की आपत्कालीन वाट मोकळी करणे सक्तीचे आहे, ऑस्ट्रियात 1 जानेवारी 2012 पासून. दुभाजकाजवळची लेन दुभाजकाकडे चिकटते आणि बाकीच्या सगळ्या लेन विरुद्ध बाजूला. त्यामुळे पहिल्या दोन लेनच्या मधोमध वाट तयार होते. गाड्या पूर्ण थांबल्यावर हे जमत नाही, कारण तिरके व्हायला पुढे जागा उरत नाही. म्हणून कोंडीत थांबतानाही पुढच्या गाडीची मागची चाके जमिनीला टेकलेली दिसतील इतके अंतर ठेवावे. एक रुग्णवाहिका गेली म्हणून वाट बुजवू नये, तिच्यामागे पोलीस आणि क्रेन येत असतात. आणि तिच्या मागोमाग कोणीही घुसू नये.

प्रश्न : गाडीत समोरचे अंतर आपोआप राखणारा क्रूझ कंट्रोल आहे. मग वरचे सगळे त्याच्यावर सोडता येईल?

अंतराचे बऱ्यापैकी, बाकीचे नाही. सर्वांत जवळच्या टप्प्यावर ठेवलेला असेल तर अनेक गाड्यांत अंतर दोन सेकंदांहून कमी राहते, तेव्हा टप्पा लांबचा निवडून एकदा खांब पाहून सेकंद मोजा. रस्त्यात उभ्या असलेल्या गाडीला ही यंत्रणा प्रतिसाद देईलच असे नाही, हे बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असते. पुढची गाडी शेवटच्या क्षणी लेन बदलून निघून जाते आणि समोर थांबलेला ट्रक उघडा पडतो, तेव्हा नेमके हेच घडते. आणखी एक : संथ ट्रकमागे ही यंत्रणा इतक्या हळुवारपणे वेग घटवते की चालकाच्या लक्षातही येत नाही. मग तो 80 वरून एकदम उजव्या लेनमध्ये येतो, जिथे बाकीचे 110 ने चाललेले असतात. बाहेर पडण्याआधी स्पीडोमीटर पाहा, वेग आधी आपल्या लेनमध्ये वाढवा, मग इंडिकेटर द्या.

प्रश्न : बाहेर पडण्याचा फाटा चुकला तर?

पुढच्या फाट्यापर्यंत जा. रिव्हर्स घेणे, कडेला थांबणे किंवा पट्टे कापून शेवटच्या क्षणी वळणे, यांतले काहीही करू नये. ताशी 100 ने तुमच्यामागे 200 मीटरवर असलेली गाडी सात सेकंदांत तिथे पोचते, आणि तिच्या चालकाला या रस्त्यावर कोणी उलटे येत असेल अशी कल्पनाही नसते. फाटा चुकू नये म्हणून पहिला फलक दिसताच डाव्या लेनमध्ये या. मुख्य लेनमध्ये ब्रेक लावू नका, बाहेरच्या पट्टीवर पूर्ण आल्यावरच वेग कमी करा, आणि तिथे स्पीडोमीटर पाहून करा. बराच वेळ 100 ने चालवल्यावर 60 हा वेग डोळ्यांना रांगल्यासारखा वाटतो, आणि पट्टीच्या टोकाचे वळण बहुधा 40 साठी आखलेले असते.